नाचरीची पिल्लं

पिल्लू वडिलांच्या मांडीवर चढून झोपीही गेलं, तेव्हाच मुलीने ओळखलं की आता यांना इथून रिकाम्या हाताने उठवणं अवघड आहे.

"बाबा, आधी पिल्लाची आई बघायची. डॉक्टर काय म्हणाले होते?"

"बघू की. मी कुठे पळून चाललोय?" ते म्हणाले, पण हात पिल्लावरून हलला नाही.

त्यांचा आधीचा पॉमेरेनियन, बटाट्या, उन्हाळ्यात गेला. दोन्ही मागच्या गुडघ्यांची ऑपरेशनं होऊनही शेवटी शेवटी त्याला जिना जमत नसे. बस चालवून निवृत्त झालेले वडील त्याला कडेवर घेऊन चढत-उतरत. पुन्हा कुत्रा नको, असं त्यांनीच जाहीर केलं. मग घर खायला उठलं. शेवटी बटाट्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं, घ्या, पण पिल्लाची आई डोळ्यांसमोर चालताना बघितल्याशिवाय नाही.

म्हणून ते या शिंपीणबाईंकडे आले होते. बाई पडदे आणि गणवेश शिवत. मशीनशेजारच्या खोक्यात, चिंध्यांच्या गादीवर पिल्लं होती. खोली लख्ख, लशी वेळच्या वेळी. उलट बाईंनीच या दोघांची झडती घेतली होती: दिवसभर घरी कोण असतं, गॅलरीला जाळी आहे का. मुलीला त्या आवडल्या.

"आई ना? आमची स्टार आहे ती!" बाईंनी आतलं दार उघडलं. "नाचरे, ये गं!"

तपकिरी कुत्री तुरुतुरु आली. मध्येच मागचा एक पाय उचलून तिने दोन उड्या मारल्या, पाय झटकला आणि पुन्हा नीट चालू लागली.

"बघितलंत? हिची आईपण अशीच ठुमकायची. दर वेळी मी ठुमकणारं पिल्लू तेवढं ठेवून घेते. हिच्या मोठ्या मुलीला परवा नराकडे न्यायचंय."

वडिलांचा चेहरा उतरला.

"निघूया," मुलगी त्यांच्या कानाशी म्हणाली. "घरी जाऊन फोनवर नाही सांगू."

त्यांनी पिल्लू तिच्या हातात दिलं, पण निघाले नाहीत. भिंतीला धरून फरशीवर बसले.

"ताई, रागावू नका. जरा इथे बसता?" त्यांनी बाईंचा अंगठा नाचरीच्या गुडघ्यावर ठेवला. "ही वाटी. आता पाय सरळ करतो हं."

बाई दचकल्या. "सरकली!"

"ती नाचत नाही, ताई. वाटी निसटते म्हणून पाय उचलते. झटकला की परत बसते. आमचाही असंच करायचा."

"पण ती कधी ओरडत नाही. खाते, खेळते..."

"तोही ओरडायचा नाही. शेवटी शेवटी जिने मीच चढवायचो त्याला."

"डॉक्टरांकडे नेते की मी. पण तिथे ती टेबलावर उभी असते. चालते कुठे?" बाई नाचरीकडे बघत राहिल्या. "म्हणजे चांगल्या पायांची सगळी देऊन टाकली, आणि मी निवडून निवडून..."

नाचरी त्यांचं मनगट चाटत होती.

"कुणी सांगितलंच नव्हतं तुम्हाला," वडील म्हणाले.

थोड्या वेळाने बाईंनी नराच्या मालकाला फोन लावला. "परवाचं रद्द करा. नाही, पुढच्या वेळीही नाही." फोन ठेवून त्या या दोघांकडे वळल्या. "पिल्लंही तपासल्याशिवाय कुणाला देणार नाही. उगाच खेप पडली तुम्हाला."

मुलीला हायसं वाटायला हवं होतं. पिल्लू तिच्या ओढणीचं टोक चघळत होतं, आणि तिला तसं काही वाटलं नाही.

"तपासायला कधी नेणार?" वडिलांनी विचारलं.

"उद्याच."

"मी येतो. सगळी एकटीला आवरणार नाहीत."

"बाबा!"

"अगं, घेत नाहीये. नुसता धरून बसतो."

बाईंना डोळे पुसता पुसता हसू आलं. "या काका. पण याची वाटी सरकत असली तर हा मी तुम्हाला देणार नाही. भांडलात तरी नाही. पुन्हा जिने चढवायचे नाहीत तुम्हाला."

"आणि सरकत नसली तर?"

"तर मग मला नाही, लेकीला विचारा."

मुलीने पिल्लाच्या तोंडातून ओढणी सोडवली. वडिलांनी तिच्याकडून पिल्लू घेतलं, खोक्यात भावंडांजवळ ठेवलं आणि चपला घातल्या. उद्या किती वाजता यायचं, हे विचारायला मात्र ते जिन्यावरून दोनदा परत आले.