मिस ऑटिलीचे रुमाल

शनिवारी दुपारी लेटी आईकडे मासे द्यायला आली, तेव्हा तिची आई, जिला सारं बेट मिस ऑटिली म्हणे, व्हरांड्यात बसून नारळ खवत होती. तिच्या डोक्यावरच्या दोरीला सात-आठ पांढरे रुमाल वाळत होते.

युटिला बेटाच्या धक्क्याला फेरीबोट लागली की समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्या साऱ्या दुकानांची, डाइव्ह शॉपची माणसं पाहुण्यांवर तुटून पडतात. आमच्याकडे बुडी मारायला शिका, राहायची खोली फुकट! मिस ऑटिलीच्या चार खोल्यांत फुकट काहीच नव्हतं. पण तिच्याकडे उतरणाऱ्या प्रत्येकाला ती एक रुमाल द्यायची. "दुकानात जा, त्यांचं गोड गोड ऐकून घ्या, पैसे मात्र देऊ नका. पाठीवर बांधायच्या हवेच्या टाकीची चावी जराशी उघडायला सांगा आणि हवा या रुमालावर घ्या. डाग पडला, वास आला, तर आल्या पावली परत." तिचा धाकटा भाऊ शेवंडं पकडायला खाली गेला होता. टाकीत खराब हवा होती. तो वर आला, तो इतरांच्या हातांवर.

धक्क्याजवळचं सगळ्यात मोठं दुकान लेटीचं. सारखी वीज जाते म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं मागच्या अंगाला जनरेटर बसवला, टाक्या भरणाऱ्या कॉम्प्रेसरला अगदी खेटून. "इथं नको गं, याचा धूर तो ओढून घेईल," मिस ऑटिली कामगारांसमोर म्हणाली होती. कामगारांसमोर म्हणाली म्हणूनच तो तिथं राहिला.

त्या शनिवारी राजधानीहून, तेगुसिगाल्पाहून आलेलं नवं जोडपं रुमाल घेऊन लेटीच्याच दुकानातून परतलं. मिस ऑटिलीनं हात पुसले, रुमाल नाकाशी धरला आणि म्हणाली, "चर्चपलीकडच्या दुकानात जा. मिस्टर एल्विनची हवा स्वच्छ आहे."

नवरा चाचरला. "पण ते दुकान तुमच्या मुलीचं ना?"

"मुलगी माझीच आहे, बाळा. हवा तिची आहे."

ती दोघं आत गेली. मग लेटी म्हणाली, "मी खोल्या फुकट देते आणि तुझ्या ओस पडतात. तेच डाचतंय तुला."

मिस ऑटिलीनं रुमाल पुढे केला. "घे. तूच सांग."

"सर्दी झालीय मला."

"या उन्हात?" म्हातारी खुदकन हसली. "बरं बाई. मग सर्दी असताना पाण्यात उतरू नये, एवढं तरी पाळ. उद्या जेवायला ये, शंखाचं कालवण करते."

 लेटी मासे ओट्यावर ठेवून निघून गेली.

रविवारी मिस ऑटिली चर्चला आली नाही, म्हणून शेजारीण बघायला गेली. ती पलंगाच्या कडेला बसलेली होती, भिंतीला टेकून. एका पायात बूट होता, दुसरा मांडीवर.

दफन झालं, माणसं पांगली. लेटीनं चादरी धुतल्या, दोरीवरचे रुमाल घड्या घालून ठेवले. आईच्या एप्रनच्या खिशात शनिवारचा रुमाल निघाला. तो तिनं धुतला नाही. बिस्किटांच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं. जनरेटर जागच्या जागी होता. तो हलवायचा म्हणजे म्हातारीचं खरं होतं हे कबूल करायचं, आणि ऐकायला आता म्हातारीच नव्हती. संध्याकाळी लेटीचं डोकं दुखे. दुकानातल्या मुलींचंही दुखे. उन्हानं होतं, असं ती त्यांना सांगे.

तीन आठवड्यांनी दुपारच्या बोटीनं नोएमी नावाची एक शिक्षिका आली. लेटी आईचा व्हरांडा झाडत होती; नोएमीनं पाठीवरची पिशवी पायरीवरच टेकवली.

"धक्क्यावरचं मोठं दुकान खोली फुकट देतंय. उद्या सकाळी पहिली बुडी, म्हणतात. पण मैत्रिणीनं बजावलंय, मिस ऑटिलीला विचारल्याशिवाय कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. महिन्यापूर्वी नवऱ्याबरोबर इथंच राहून गेली ती. आहेत का त्या?"

"नाहीत."

"मग तुम्हीच सांगा. जाऊ ना तिकडे?"

लेटीच्या ओठांवर "जा" आलं होतं. दोन वर्षं ती हेच सांगत आली होती. "थांबा जरा," म्हणून ती आत गेली. डबा घेऊन आली. झाकण निघता निघेना, नखं दुखेपर्यंत ओढावं लागलं. रुमालाच्या मध्यावर पिवळट डाग होता, नाण्याएवढा. तिनं तो नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

मग तिनं दुकानात फोन लावला. "कॉम्प्रेसर बंद कर. भरलेल्या सगळ्या टाक्या रिकाम्या कर. उद्या कुणी पाण्यात उतरायचं नाही. हो, मीच सांगतेय." फोन ठेवून ती नोएमीला म्हणाली, "ते दुकान माझं आहे. तिथं जाऊ नका. चर्चपलीकडे मिस्टर एल्विन आहेत. राहा मात्र इथंच."

नोएमीनं मान हलवली. लेटी मात्र आता तिच्याकडे बघत नव्हती. ज्या खुर्चीत बसून मिस ऑटिली नारळ खवायची, तिच्याकडे वळली होती.

"येतो," ती मोठ्यानं म्हणाली. "वास येतो, आई. मला पहिल्या दिवसापासून येत होता."