फेस्टसची खुर्ची

आमच्या आयरिश किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी मेलेली माणसं घरी येतात, म्हणून दार नुसतं लोटून ठेवायचं आणि शेकोटीपाशी त्यांच्या खुर्च्या मांडायच्या. हल्ली पोरं त्या रात्रीच्या दिव्यांसाठी मऊ भोपळे कोरतात. आम्ही सलगमाचे कडक कंद कोरताना बोटं सोलून घ्यायचो.

माझा भाऊ फेस्टस मासेमारीला गेला, तो सापडलाच नाही. आई मात्र फक्त बाबांची खुर्ची मांडायची.

“फेस्टसचीही मांड गं,” मावशी म्हणायची.

“जीभ झडो तुझी! जिवंत आहे तो,” आई खेकसायची.

यंदा, अकरा वर्षांनी, शेकोटीपाशी दोन खुर्च्या दिसल्या.

सलगमातला दिवा आईने स्वतः खिडकीत ठेवला.

“बाहेरून नीट दिसतोय ना गं?” तिने विचारलं. “पहिल्यांदाच येतोय तो.”