परत केलेलं पान

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. त्या शनिवारी मी सगळ्यांवर चिडले होते. सुशांतवर, हायवेवरच्या ट्रॅफिकवर, व्हीलचेअरच्या अडकलेल्या ब्रेकवर. खरं तर चिडले होते स्वतःवर, पण ते कबूल करायला वेळ लागला.

आम्ही अमेरिकेत राहतो त्या अल्फारेटाहून पाऊण तासावर एक भलंमोठं काचघर आहे. आत बारा महिने गरम, दमट हवा ठेवून मध्य अमेरिकेतलं रेनफॉरेस्ट वाढवलंय. दर शनिवारी तिथे एक बाई त्या जंगलातल्या मूळच्या माया लोकांची औषधी झाडं दाखवत तासभर फिरवून आणते. सुशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे ऑनलाइन सापडलं. आईंना झाडं आवडतात, हवाही देवरुखसारखी वाटेल, असं त्याचं म्हणणं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुमित्रा. आयत्या वेळी त्याचा ऑफिसचा कॉल निघाला. कॉल कसला, डोंबल! आदल्या दिवशी डॉक्टर जे म्हणाले, त्यानंतर त्याला आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मला तरी कुठे बघवत होतं, पण कुणीतरी ड्राइव्ह करायला हवं होतं.

सगळं जानेवारीपासूनचं आहे. आई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि त्यांचं पोट दुखायला लागलं. स्कॅनचा रिपोर्ट आम्ही अपॉइंटमेंटच्या आधीच हॉस्पिटलच्या पोर्टलवर वाचला. गाडी पार्क करता करता सुशांतने ठरवून टाकलं की आईला कॅन्सर हा शब्द कळता कामा नये, ती खचेल. मीही मान डोलावली. आपल्याकडे असंच करतात. माझ्या आजोबांनाही शेवटपर्यंत कावीळच झाली होती.

आत नर्सने विचारलं, फोनवर मराठी दुभाषी जोडून देऊ का? त्यांचा तसा नियम आहे. मला तो अपमानच वाटला. घरात दोन शिकलेली माणसं असताना परका आवाज मध्ये कशाला? दुभाषी नको, असं लिहिलेल्या कागदावर मी आईंची सही घेतली. मग डॉक्टर आले आणि माझ्याकडे न बघता, आईंच्या डोळ्यांत बघून सावकाश बोलले. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतात पसरलाय, बरा होणार नाही. औषधाने थोडा वेळ मिळेल. पण तुम्हाला घरी, आपल्या देशात जायचं असेल तर महिन्याच्या आत जा, पुढे प्रवास जमणार नाही.

आई माझ्याकडे बघत राहिल्या. सुशांत बुटांकडे बघत होता.

"अल्सर आहे, आई," मी म्हणाले. "महिन्याभरात बरं वाटेल. मग घरी जा."

महिना तेवढा मी बरोबर सांगितला. बाकी सगळं खोटं.

केमोला आम्ही अल्सरचं सलाइन म्हणत होतो. आईंनी तीनदा तिकिटाचं विचारलं. देवरुखला त्यांची धाकटी बहीण आहे, मालिनीमावशी, तिच्याकडे जायचं होतं. दर वेळी मी म्हणाले, हा राउंड होऊ दे, मग बघू. देवरुखला यांचं कोण करणार, तिथे धड स्पेशालिस्ट नाही, असं मी स्वतःला समजावत होते, आणि ते काही अगदीच चूक नव्हतं. असं करता करता एप्रिल आला. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात गुठळ्या झाल्यात, आता विमानप्रवास नाही. त्याचं भाषांतर मी केलं, "डॉक्टर म्हणतात, विश्रांती घ्या."

तर शनिवारी काचघरात आम्ही आठ जण होतो. फिरवणाऱ्या बाईचं नाव युलालिया. साठीची, ठेंगणी, पाठीवर पांढरी वेणी, भरतकाम केलेला झंपर आणि पायांत गमबूट. ती ग्वातेमालातल्या जंगलपट्टीतली, माया जमातीची. तिने सुरुवातीलाच सांगितलं की शनिवारी ती इथे असते आणि इतर दिवशी दवाखान्यांतून दुभाष्याचं काम करते, कारण तिच्या गावच्या कित्येकांना इंग्रजीही येत नाही आणि स्पॅनिशही. त्या कामाचे नियमही तिने मोठ्या अभिमानाने सांगितले. एक शब्द गाळायचा नाही, एक शब्द पदरचा घालायचा नाही. आणि बोलताना 'मी' म्हणायचं. पेशंट म्हणाला मला भीती वाटते, तर त्याला भीती वाटते असं नाही सांगायचं. मला भीती वाटते, असंच सांगायचं.

मी तेवढ्यात फोन काढून बघत बसले. फोनवर काहीही नव्हतं.

मग झाडं सुरू झाली. एका झाडाचा काळा चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि त्यावर उतारा असलेलं लाल सालीचं झाड बहुधा जवळपासच सापडतं. पुढे चिकू. चिकूचा चीक म्हणे माया लोक फार पूर्वीपासून चघळत आलेत. मग पपई. मग पेरू, त्याच्या पानांचा काढा जुलाबावर देतात. मी आईंना सांगत होते आणि त्यांचा चेहरा खुलत होता.

"पेरू यांचा, पपई यांची, चिकूपण यांचाच?" त्या म्हणाल्या. "मग आपलं काय गं?"

मी कितीतरी दिवसांनी हसले. ऑक्सिजनची नळी नाकाला लावलेली बाई आपल्याला हसवते आणि आपण तिला फसवतोय, हे तेव्हाही डोक्यातून जात नव्हतं.

शेवटी युलालियाने पान तोडायची रीत सांगितली. तिची आजी झाडाला विचारल्याशिवाय हात लावत नसे. आधी आपलं नाव सांगायचं, कुणासाठी आणि कशासाठी हवं ते आपल्या भाषेत सांगायचं, आभार मानायचे, आणि मगच पान घ्यायचं. आई लगेच म्हणाल्या की आमच्याकडे वैद्य आदल्या संध्याकाळी झाडापाशी अक्षता ठेवून आमंत्रण देऊन यायचे. हे मी शब्द न् शब्द नीट सांगितलं, त्यात लपवायचं काही नव्हतं ना! युलालियाने आईंचा हात हातात घेतला.

एका मोठ्या कुंडीत पेरू होता, त्याची पानं तोडायला परवानगी होती. एका गृहस्थांनी गुडघ्यासाठी मागितलं, सगळे हसले. मग आईंची पाळी आली. मी खुर्ची कुंडीला टेकवली. आईंनी एक फांदी धरली आणि शेजारणीशी बोलावं तशा बोलायला लागल्या.

"मी सुमित्रा, देवरुखची. पोटात काय आहे ते मला कळलंय. पोरं सांगत नाहीत, म्हणून मी विचारत नाही. मला बरं करू नकोस, ते तुझ्या हातात नाही. विमानात बसण्यापुरतं बळ दे. मालिनीच्या ओटीवर नेऊन सोड, पुढचं माझं मी बघेन. तुझे उपकार."

त्यांनी एक पान तोडलं आणि मुठीत ठेवलं.

युलालियाने विचारलं, त्यांची हरकत नसेल तर त्या काय बोलल्या ते सांगाल का?

मी म्हणाले, त्यांनी चांगली तब्येत मागितली आणि थँक्यू म्हणाल्या.

एवढं बोलल्या आणि इतकंच? तिने विचारलं. मराठीत लांबण फार लागते, असं मी म्हणाले. लोक हसले. युलालिया हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पुढच्या माणसाकडे वळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पार्किंगमध्ये मी आईंना गाडीत बसवलं, नळी सरळ केली, बेल्ट लावला. त्यांनी विचारलं, ती बाई तुला काय म्हणत होती?

आता आणखी एक थाप मारायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

"आई, काल डॉक्टर म्हणाले की तुम्हाला आता विमानात बसता येणार नाही. फुप्फुसात गुठळ्या आहेत."

समोर एक बाई गाडीच्या डिकीत कुंड्या ठेवत होती, आई तिच्याकडे बघत राहिल्या.

"आणि पहिल्यांदा काय म्हणाले होते?"

"घरी जायचं असेल तर महिन्याच्या आत जा, म्हणाले होते."

"जानेवारीत?"

"हो."

मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी तोंडाला तोंड दिलं असतं, रडले असते, मोकळी झाले असते. त्यांनी मूठ उघडली. पान जरा चुरगळलं होतं. ते त्यांनी मांडीवर ठेवून अंगठ्याने सरळ केलं.

"हे परत ठेवून ये," त्या म्हणाल्या. "ज्यासाठी मागितलं ते आता होणार नाही. झाडाला उगीच का तोशीस?"

मी एसी चालू ठेवला आणि पान घेऊन परत गेले. काचघरात शिरताच चष्म्यावर वाफ धरली. युलालिया एकटीच कुंड्यांना पाणी घालत होती. पेरूच्या कुंडीतल्या मातीवर मी पान ठेवलं.

युलालियाने झारी खाली ठेवली. तिने मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला, त्या काय म्हणाल्या होत्या?

मी चष्मा काढला आणि इंग्रजीत पहिल्यापासून सांगायला लागले, एकही शब्द न गाळता. मी सुमित्रा. देवरुखची. पोटात काय आहे ते मला कळलंय. पोरं सांगत नाहीत, म्हणून मी विचारत नाही.