शंभर पाण्यांचे तूप

माझ्या डाव्या नडगीवरची खाज चार-पाच दिवसांत थांबली आणि तिथूनच माझ्या मनात संशय शिरला.

खाज थांबली तर माणसाला आनंद व्हावा. मला झाला नाही. ती कित्येक वर्षे माझ्याकडे वस्तीला होती. उन्हाळ्याचे कोरडे वारे सुटले की नडगीवरचा चट्टा उलायचा आणि वाचता वाचता माझा हात आपोआप तिथे जायचा. खोबरेल, एरंडेल, कडुनिंब, सगळे करून झाले होते. तो विझायचा फक्त त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या मलमाने, आणि तेही असेच चार-पाच दिवसांत. या खेपेला मात्र मलमाची ट्यूब कपाटात चपटी होऊन पडलेली सापडली. आपण ती कधी संपवली हे मला आठवेना. हल्ली मला बरेच काही आठवत नाही, म्हणून मी त्याचा फार विचार केला नाही. नवी आणायला मुलाला, सोमनाथला सांगायचे तर तो कंपनीतून दमून येतो. सुरेखाच्या क्रीमची एक डबी फळीवर होती, तीच लावली.

आणि चट्टा विझला. डबीवर लिहिले होते, ‘फक्त तूप, पाणी आणि कोरफड’. ते वाक्य मीच लिहून दिले होते.

सुरेखा ही माझी सून, सोमनाथची बायको. दिवाळीपासून तिने घरच्या घरी क्रीम करायला सुरुवात केली होती. गायीचे तूप तांब्याच्या ताटात घ्यायचे, त्यात पाणी घालायचे, लोट्याच्या बुडाने घोटायचे, पाणी ओतून द्यायचे, पुन्हा नवे पाणी. असे शंभर वेळा केले की तुपाचा वास जातो, पिवळेपणा जातो आणि लोण्यासारखे पांढरे, थंड काहीतरी उरते. कोरड्या त्वचेला ते नुसते लावायचे. ज्यांचे कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे, त्यांच्यासाठी ती त्यात कोरफडीचा गर घालून हलके करी. अशा त्वचेला ती कॉम्बिनेशन म्हणे. माझी बायको द्वारका म्हणे, “एका तोंडावर दोन मुलूख.” याशिवाय बदामाच्या काजळीचे काजळ आणि बिटाच्या रसाची ओठांची लाली. सुरेखा लग्नाच्या मुलींना सजवायला जाई. ती सजवते ते सजवल्यासारखे दिसत नाही, अशी तिची आमच्या सिडको वसाहतीत ख्याती होऊ लागली होती.

ताट घोटायचे काम द्वारकेचे. तिचे मनगट सुनेपेक्षा बळकट.

मी वाचनालयाच्या नोकरीत उमेदीची सगळी वर्षे काढली. मला छापलेले सगळे वाचायची सवय आहे, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा मी भिंग घेऊन वाचतो. शिवाय डॉक्टरीणबाईंनी मला मलम देताना बजावले होते, “आजोबा, पायाला ठीक आहे. चेहऱ्याला चुकूनही लावू नका. आधी चेहरा उजळतो, मग त्याला याची सवय लागते. कातडी पातळ होते, उन्हात आग होते.” तेव्हा मी एकटाच आत होतो. द्वारका बाहेर बाकावर बसली होती.

आता तेच चार-पाच दिवस, तसेच विझणे. पण मी कोण ठरवणार? मी काही डॉक्टर नाही. कदाचित तुपात गुण असेल. कदाचित चट्टा यंदा आपणहून गेला असेल.

मी असे स्वतःला समजावत होतो, तोवर समोरच्या घरातली ज्ञानेश्वरी दुपारी आमच्याकडे आली. मल्हारी आणि बानाबाई यांची ही मुलगी. त्यांची मेंढरे अजून गावी, फर्दापूरकडे मल्हारीच्या भावाजवळ आहेत, हे दोघे इथे मुलीच्या शिक्षणासाठी येऊन राहिले आणि इथलेच झाले. ज्ञानेश्वरीचे लग्न तोंडावर आले होते. संक्रांतीपासून ती सुरेखाचे क्रीम दोन वेळा लावत होती आणि गल्लीत सगळ्या तिच्या रंगाबद्दल बोलत होत्या. रस्ता ओलांडण्यापुरते ऊन, तरी तिने ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळली होती.

“एवढं कशाला गं गुंडाळून घेतेस?” मी विचारले.

“आप्पा, ऊन लागलं की गालाला मिरची लावल्यावानी होतंय. भाकरी करताना बी.” तिने ओढणी काढली. “पर बघा ना, कसली उजळलेय मी!”

मी बघितले. गाल उजळले होते खरे. पण नाकाच्या कडेला लाल धाग्यांसारख्या बारीक रेषा होत्या आणि कानाजवळ कोवळी लव दाट झाली होती. औषधाच्या कागदावर हे सगळे बारीक अक्षरांत दिलेले मी वाचले होते.

मी द्वारकेला गाठले. “सुरेखाच्या क्रीममध्ये काहीतरी आहे.”

“काय हाये?”

“औषध. दुकानातलं.”

“तुम्हाला तर सगळ्यातच काळंबेरं दिसतंय. परवा दूधवाल्यावर संशय, काल वर्तमानपत्राच्या पोराव‍र. आता घरच्या सुनेवर?” ती इतक्या जोरात बोलली की मी माझ्या खोलीत परतलो. मला वाटले, खरेच की. मी असाच आहे.

पण संशय जात नव्हता. माझी नजर राजकुमारवर गेली. गुलमंडीच्या बाजारात त्याचे रिकाम्या डब्या, झाकणे, अत्तरे आणि रंगांचे दुकान होते. तो मोठी पिशवी घेऊन घरी यायचा. सुरेखा त्याला पहिल्या खोलीत बसवायची आणि पिशवीतले एकेक उघडून बघायची. मी पाणी द्यायला गेलो की दोघेही गप्प व्हायचे. या माणसानेच तिला काहीतरी गळ्यात मारले असणार, किंवा तिनेच मागितले असणार. सुरेखावर संशय घेताना मला लाज वाटत होती. राजकुमारवर घेताना कमी वाटत होती.

एका सकाळी मी गुलमंडीत गेलो. त्याच्या दुकानासमोरच्या कापडाच्या दुकानात उभा राहून मी बराच वेळ टॉवेल बघत होतो. शेवटी तिथल्या नोकराने विचारले, “बाबा, घेणार का नुसतं हात लावणार?” एक टॉवेल घ्यावा लागला. तो घेऊन मी समोर गेलो.

“आओ आओ काका! सुरेखाताईंचे सासरे ना?” राजकुमारने स्टूल पुढे केले.

“तुम्ही क्रीममध्ये घालायला काय देता?” मी एका दमात विचारून टाकले.

“मैं? मैं तो खाली डब्या देतो. गुलाबाचा अर्क देत होतो, तो पण ताईंनी बंद केला. म्हणाल्या, वास जास्त येतोय, खरा नसेल.” तो हसला. “काका, बुरा मत मानो, पण तुमची सून लई शक्की. झाकणाचा पण वास घेते.”

“मग मी आलो की तुम्ही गप्प का होता?”

“तुम्ही असे बघता ना काका, आदमीला बोलायचं सुचत नाही.”

मी टॉवेल काखेत मारून निघालो. तो खोटे बोलत असेल, असे मला गल्लीच्या टोकापर्यंत वाटत राहिले. मग वाटेनासे झाले. झाकणाचा वास घेणारी बाई क्रीममध्ये औषध कशी घालू देईल?

घराजवळच्या मेडिकलवर थांबलो. क्रीममध्ये मलम मिसळले आहे का हे कळण्याची काही सोय असते का, एवढेच विचारायचे होते. पण मी तोंड उघडायच्या आत दुकानदार म्हणाला, “आप्पा, पाय अजून बरा नाही का? आजींनी परवाच दोन ट्यूब नेल्या. इतकं लावू नका हो, डॉक्टरांना दाखवा एकदा.”

मी काहीच न विचारता घरी आलो.

द्वारका मागच्या अंगणात ताट घोटत बसली होती. सुरेखा बाहेर गेली होती. मी पायरीवर बसलो.

“तू माझं मलम आणतेस?”

“तुमच्याच पायाला आणते.”

“माझ्या पायाला मी सुरेखाचं क्रीम लावतोय.”

लोटा ताटात फिरत राहिला.

“द्वारका, तू यात मलम घालतेस.”

“हळू बोला.” तिने लोटा थांबवला. “विष घातलं का मी? औषधच घातलं ना? पहिल्या डब्या बायांनी परत आणल्या, म्हणाल्या, काय बी फरक नाय. तवा पोरगी मोरीत जाऊन रडत होती. मला ऐकू आलं. तुम्ही पुस्तकात होता. मी म्हटलं, ह्यांच्या पायाला लगेच गुण येतो, मग गालाला का नाय यायचा? तुमचीच ट्यूब होती, थोडं घातलं. बोटाएवढं. अन् बघा, आला गुण.”

“डॉक्टर म्हणाल्या होत्या, चेहऱ्याला लावायचं नाही.”

“मला कुठं म्हणाल्या?”

मी घरी येऊन तिला ते सांगितले होते की नाही, हे मला आठवत नव्हते.

“ज्ञानेश्वरीचे गाल जवळून बघितलेस?”

“उन्हानं झालेत.” पण तिचा आवाज खाली आला होता. मग ती म्हणाली, “आजपासून नाय घालत. सुरेखाला सांगू नका. तिचं चांगलं व्हावं म्हणून केलं हो. तिला कळलं तर माझ्या हातचं पाणी बी घ्यायची नाय.”

मला तेच सोयीचे होते. न बोलणे मला आयुष्यभर जमत आले आहे. पण तो औषधाचा कागद माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मलम एकदम सुटले की गाल भडकणार, ऐन लग्नात. मग ती पोर क्रीम कमी पडले म्हणून जुनी डबी शोधून आणखी थापणार. आणि सुरेखाला कधीच कळणार नाही की असे का झाले.

संध्याकाळी ज्ञानेश्वरी आणि बानाबाई आल्या. लग्नातली सजावट कशी करायची ते सुरेखा करून बघणार होती. पंख्याखाली मुलीला बसवून तिने डबी उघडली.

मी दारात उभा होतो. हातात वर्तमानपत्र होते, ते उलटे होते हे मला नंतर कळले.

“ते लावू नकोस,” मी म्हणालो.

तिघीही वळल्या.

“त्यात माझं मलम आहे. पायाचं.”

“तुमचं?” सुरेखाने डबी नाकाशी नेली. “आप्पा, तुम्ही माझ्या क्रीममध्ये हात घातलात?”

मी हो म्हणालो असतो तर चालले असते. नाही म्हणालो असतो तर पुढे नाव घ्यावे लागले असते. मी वर्तमानपत्राची घडी घालू लागलो.

पदराला हात पुसत द्वारका स्वयंपाकघरातून बाहेर आली. “त्यांना काय विचारतीस? त्यांना चहात साखर घालता येत नाय. मी घातलंय. संक्रांतीच्या आधीपासून.”

मग मी डॉक्टरांनी सांगितलेले आणि कागदावर वाचलेले सगळे सांगितले. मधे मधे अडखळलो, पण सांगितले. ज्ञानेश्वरी दोन्ही हात गालांवर ठेवून ऐकत होती.

“काकू,” बानाबाई म्हणाली, “आम्ही मेंढरांच्या मागं फिरणारी माणसं. पर दुसऱ्याच्या मेंढराला बी मालकाला इचारल्याबिगर औषध पाजत नाय. ही तर माझी लेक हाय.”

फळीवरच्या, फ्रिजमधल्या सगळ्या डब्या सुरेखाने बादलीत टाकल्या. ज्ञानेश्वरीला म्हणाली, “उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ. मी येते सोबत.” मग फोन घेऊन ती अंगणात गेली आणि एकेका बाईला सांगू लागली, “ताई, ती डबी चेहऱ्याला लावू नका. त्यात औषध गेलंय. हो, आमच्याच घरात झालं. डॉक्टरांना दाखवून घ्या.” ती सासूचे नाव घेईल म्हणून मी खिडकीशी कान देऊन बसलो. शेवटच्या फोनपर्यंत बसलो. तिने घेतले नाही.

डॉक्टरीणबाईंनी ज्ञानेश्वरीला सौम्य औषध दिले आणि सांगितले की बरे व्हायला महिने लागतील, आणि आधी भडकेल. तसे ते भडकले. लग्नाची तारीख हलणार नव्हती. बानाबाईने आमच्याकडे येणे बंद केले आणि औरंगपुऱ्यातल्या एका पार्लरला सांगून ठेवले. पण लग्नाच्या सकाळी ज्ञानेश्वरीच आमच्या दारात आली.

“ताई, पार्लरचं काल लावून बघितलं. आग आग झाली. तुम्हीच करा काय करायचं ते.”

सुरेखाने फार काही केले नाही. डॉक्टरांनी दिलेले लावले, डोळ्यांत काजळ घातले, ओठांना बिटाची लाली लावली. गाल तसेच लाल राहिले. मांडवात दोन बायका सुरेखाला विचारत होत्या, “गालाला कुठली लाली लावली हो? अगदी आतनं आल्यासारखी दिसतेय.” तिने तोंड फिरवले. मी अक्षता हातात धरून बाजूला उभा होतो. त्या बायका खरेच कौतुक करत होत्या की खोचून बोलत होत्या, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढे बरेच दिवस सुरेखा स्वतःच ताट घोटायची. तिचे मनगट दुखायचे आणि द्वारका रिकाम्या हातांनी दारात बसून बघायची. दोघी जेवणाखाण्यापुरत्या बोलत. मग एका दुपारी सुरेखाने तुपाचे ताट उचलून सासूच्या पुढ्यात ठेवले.

“आत्याबाई, घ्या.”

द्वारकेने पदर खोचला. सुरेखा तिथून उठून गेली नाही. समोर पाट घेऊन बसली आणि पहिल्या पाण्यापासून शेवटच्या पाण्यापर्यंत सासूच्या हातांकडे बघत राहिली. अजूनही तशीच बसते. द्वारका एकदा म्हणाली, “सारखं काय बघतीस? मी काय चोर हाये का?” सुरेखा म्हणाली, “घोटा.” आणि दोघीही हसल्या, पण सुरेखा उठली नाही.

नव्या तुपाची पहिली बोटभर मात्रा माझ्या नडगीला लागते. माझा चट्टा परत आला आहे, आधीपेक्षा मोठा. आठवडाभराने सुरेखा माझ्या खोलीत डोकावते.

“आप्पा, खाज आहे ना?”

“आहे.”

“नीट सांगा. थोडीसुद्धा कमी नाही?”

“थोडा ओलावा वाटतो. खाज तेवढीच आहे.”

ती माझ्या पायाकडे वाकून स्वतः बघून घेते. मग जाऊन डब्या भरते.