वाट पाहण्याची खूण

"म्हणजे चित्र काढायला तुम्ही नक्की सुरुवात कधी करता?" बाईंनी विचारलं.

केसांचा बुचडा बांधलेल्या चित्रकाराने पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले. "मूड आला की."

बाईंनी पिवळ्या चिठ्ठीवर 'मूड' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि चिठ्ठी काचेच्या भिंतीवर चिकटवली. "हा कुठून येतो? कुठल्या विभागाकडून?"

खोलीतले सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. चिठ्ठीच्या डावीकडे बाणापुरती जागा सोडून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

जाहिराती बनवणाऱ्या त्या स्टुडिओत त्यांचं नाव दुसऱ्याच दिवशी पडलं होतं, बाणबाई. ते खोटं नव्हतं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी बाण काढण्यातच घालवली होती. ओतलेला भाग भट्टीतून निघाला की कोणाच्या हाताखालून जातो, कुठे उगाच पडून राहतो, हे कागदावर उतरवायचं आणि काम जिथे अडतं तिथे बोट ठेवायचं. ज्यांच्यावर बोट ठेवलं ती माणसं जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसत नसत. बाईंना त्याची सवय झाली होती. घरी एकदा त्यांनी स्वयंपाकघराचाही नकाशा काढला होता, ओट्यापासून कपाटापर्यंतच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून. नवऱ्याने तो लक्षपूर्वक वाचला, छान आहे म्हणाला आणि कपाटात डब्यांखाली अंथरला.

स्टुडिओ धाकट्या भावाचा. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि बाई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. घरात एक गोष्ट तेव्हापासूनच ठरून गेली होती, की धाकटा कलावंत आहे. तो चित्र काढायला बसला की बाकीच्यांनी चवड्यांवर चालायचं. त्याचं कलाशिक्षण संपेपर्यंत बाईंचं लग्न लांबलं. शेवटी लग्न झालं तेव्हा त्याने मित्रांना सांगितलं, "ताई बाण काढते, मी चित्रं काढतो. घराणंच रेघोट्यांचं आहे आमचं." सगळे हसले. बाईही हसल्या. भाऊ हुशार असला की त्याचा टोमणासुद्धा कौतुकाचा वाटतो.

आता त्या निवृत्त झाल्यावर त्यानेच बोलावलं होतं. "कामं वेळेत जात नाहीत, ताई. गिऱ्हाइकं कुरकुरतात. त्यात एक भागीदार येऊ घातलाय, त्याला सगळं कागदावर मांडलेलं हवंय. तुझं ते बाणांचं शास्त्र लाव की जरा."

बाईंनी शास्त्र लावायला घेतलं आणि पहिल्या आठवड्यातच त्यांचं मन विटलं. माणसं उन्हं वर आल्यावर उगवत आणि आपण किती दमलो आहोत हे एकमेकांना सांगण्यात जेवणाची वेळ गाठत. गप्पांना ती मंथन म्हणत. झोपायच्या खोलीवर 'चिंतनकक्ष' अशी पाटी होती आणि आत झोपाळा. साबणाच्या वडीबद्दल 'ती हळवी आहे, पण खंबीर आहे' असं बोलत, जणू ती कोणाची भाचीच. जो तो नाकाने कांदे सोलत होता. सुरीने कांदा चिरणारं मात्र कोणी दिसत नव्हतं. कारखान्यात बिघडलेला पंप पाणी चढवत नसे, तेवढं तरी कळायचं. इथे बिघडलेली जाहिरात 'वेगळी' ठरायची.

चिठ्ठ्या वाढत गेल्या तसं एकच वाक्य सारखं ऐकू येऊ लागलं. बुचडेवाला म्हणाला, "सरांनी अजून बघितलं नाही." छपाईचं बघणारी मुलगी म्हणाली, "ते ना, सरांच्या टेबलावर आहे." सर म्हणजे धाकटा.

पण 'उशीर कोणामुळे होतो' असं सरळ विचारलं, की सगळे हळूच खिडकीकडे मान वळवत. तिथे लेखकबुवा बसत. त्या स्टुडिओतला सगळ्यात म्हातारा माणूस. जाहिरातींच्या ओळी लिहिणं हे त्यांचं काम, आणि दिवसभर ते बाहेर बघत असत.

बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "दिवसभर काय करता तुम्ही?"

"वाट बघतो."

"सुचायची?"

"छे. सुचणं सकाळीच उरकतं. ओळ लिहितो, तुमच्या भावाच्या टेबलावर ठेवतो. मग ती त्याला सुचेपर्यंत वाट बघतो."

बाईंच्या हातातली चिठ्ठी कोरीच राहिली. "असं पुराव्याशिवाय बोलू नये."

"मी कुठं बोललो? तुम्ही विचारलंत." म्हातारा पुन्हा खिडकीकडे वळला. "साबणाची ओळ त्याला लवकर सुचली. बँकेची जरा अवघड होती, वेळ लागला बिचाऱ्याला."

बाईंचा विश्वास बसला नाही. म्हाताऱ्यांना मालकाचा राग असतोच, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तरी सवयीप्रमाणे त्यांनी धाकट्याच्या खोलीत जाणारे कागद आणि बाहेर येणारे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. साबणाची ओळ तीच होती. बँकेचीही तीच. बुचडेवाल्याची चित्रं तीच. बाहेर येताना फक्त कोपऱ्यात धाकट्याची गोल सही उमटलेली असायची. बिस्किटाच्या ओळीत एक स्वल्पविराम हलला होता.

बाईंच्या शास्त्रात काम म्हणजे चौकोन. चौकोनात जे जातं ते काहीतरी बदलून बाहेर पडलं पाहिजे. बदललं नाही तर ते काम नव्हे, नुसतं पडून राहणं, आणि त्याची खूण त्रिकोण. रात्री घरी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून बाई बराच वेळ पेन्सिल धरून बसल्या. मग त्यांनी मधोमध त्रिकोण काढला.

नवरा पाणी प्यायला आला आणि वाकून बघू लागला. "हा कोण?"

"धाकटा."

त्याने खुर्ची ओढून घेतली. "हे तुला आज कळलं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मी आपला लग्न झाल्यापासून चवड्यांवर चालतोय."

बाईंना राग आला. पण कोणाचा, ते काही ठरेना.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने कागद पाहिला आणि खोलीचं दार लावून घेतलं. "ताई, हे काय काढलंयस?"

"जसं आहे तसं."

"उद्या भागीदार येतोय. म्हाताऱ्याचा चौकोन लाल कर. खाली लिही, इथं काम अडतं. तसंही त्याला घरी बसवायचंच आहे." त्याने त्रिकोणावर नख आपटलं. "आणि हे बदल."

"काम तुझ्यापाशी अडतं."

"अडत नाही, मुरतं. तुला नाही कळायचं. तू लोखंडात आयुष्य काढलंस."

"मुरलेलं निराळं लागतं रे. तुझ्याकडून जसंच्या तसं बाहेर येतं."

धाकट्याचा आवाज खाली आला. "मी बोलावलं म्हणून तू इथं आहेस. नाहीतर घरी भाऊजींच्या सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या वेगळ्या करत बसली होतीस."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "लाल मी करणार नाही. तुला हवं तर तुझ्या हाताने कर. तेवढंच चित्र काढल्यासारखं होईल."

त्याने तेही स्वतःच्या हाताने केलं नाही, बुचडेवाल्याकडून करून घेतलं. भागीदार आला तेव्हा भिंतीवर बाणांच्या जागी निळ्या लाटा होत्या, लेखकबुवा एका कोपऱ्यात लाल ठिपका होऊन बसले होते आणि मधोमध पिवळाधमक सूर्य होता. सूर्यावर लिहिलं होतं, 'सर'.

भागीदार पांढऱ्या बुटांतला, गुळगुळीत दाढी केलेला माणूस होता. त्याने लाटांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "हे तुम्ही काढलंत?"

"नाही. मी बाण सरळ काढते."

"मग तुमचं कुठंय?"

बाईंनी गुंडाळी उलगडून टेबलावर पसरली. भागीदाराला असे कागद वाचता येत होते. त्याचं बोट बाणांवरून भराभर सरकत गेलं आणि त्रिकोणापाशी थांबलं. "हे कोण?"

बुचडेवाला स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. मग धाकटाच हसला. "मीच तो. आमची ताई आहे, लहानपणापासून माझ्या खोड्या काढते."

भागीदारही हसला. "खोडी कसली, बरोबरच आहे. मी नाव विकत घेतोय. नावाने आणखी काम कशाला करायचं?"

मग सगळेच हसले आणि जेवायला गेले. बाई एकट्या कागद गुंडाळत उभ्या राहिल्या. कारखान्यात बोट ठेवलं की निदान भांडण तरी व्हायचं.

लेखकबुवांना त्याच आठवड्यात निरोप मिळाला. ते खण रिकामा करत होते तेव्हा बाई जवळ गेल्या. "माझ्या नकाशामुळे तर नाही ना हे?"

"बाई, स्वतःला एवढं महत्त्व देऊ नका. तुमच्या भावाला एक लाल ठिपका हवा होता. मला लाल रंग बरा दिसतो."

"आता ओळी कोण लिहिणार?"

"कोणीही लिहील. बुचडेवाला लिहील. वाचणाऱ्याला कुठं फरक कळतोय? त्याला सांगा, खिडकी चांगली आहे." त्यांनी पिशवी उचलली आणि कोणाकडे न बघता निघून गेले. कोणी मान वर केली नाही. चिंतनकक्षातला झोपाळा करकरत होता.

बाई भावाच्या खोलीत गेल्या.

"ये, ताई. रागावलीस?"

"नाही."

"मग येत जा अशीच. भागीदाराला तू आवडलीस. गंमत वाटली त्याला तुझी."

टेबलावरच्या पेल्यात पेन्सिली होत्या, सगळ्या एका उंचीच्या, दुकानातून आणल्या तशा टोकदार. बाईंनी त्यातली एक काढून त्याच्यासमोर ठेवली, कोरा कागद ठेवला आणि आपला डावा हात टेबलावर उताणा ठेवला.

"माझा हात काढून दे."

"आत्ता?"

"आत्ता. मग मी जाते."

धाकटा हसला, पण त्याने पेन्सिल उचलली. बहिणीच्या हाताकडे तो थोडा वेळ खरोखर बघत राहिला. मग मनगटाची एक रेघ ओढली. त्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी वळणारी दुसरी. रेघ चांगली होती. बाईंना त्यातलं फारसं कळत नसे, तरी एवढं कळलं की रेघ अजूनही चांगली होती.

फोन वाजला. "एक मिनिट हं, ताई." त्याने खुर्ची पाठीमागे वळवली. "नमस्कार, नमस्कार. साबणाची ओळ ना? अहो, सहज सुचली. आंघोळ करता करता."

पेन्सिल त्याच्या बोटांत तशीच होती. बोलता बोलता तो ती हवेत फिरवत होता. ठेवण बिघडू नये म्हणून बाईंनी हात हलवला नाही. तो कोणाला तरी आपली सुचण्याची रीत समजावून सांगू लागला. बाईंच्या बोटांना हळूहळू मुंग्या आल्या, मग तळव्याला. तेव्हा कुठे त्यांनी हात उचलून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने तो चोळत त्या उठल्या.