राखलेली मुळं

डेलमारने गुलाबाच्या फांद्या सुतळीने आवळून बांधल्या आणि गाठ मारताना नेहमीप्रमाणे अंगठ्यात काटा घुसवून घेतला. शिवी ओठांवर आली, पण स्वयंपाकघराच्या खिडकीत, वॉकर शेजारी ठेवून, आई बसलेली होती. त्याने ती गिळली.

"खाली आवळ," काच वर सरकवून ऑर्डिस म्हणाली. "शेंड्याला काय आवळतोस? लग्नाची वेणी आहे का ती?"

"आवळतोय, आई."

"आणि पाणी घातलंस का काल?"

"घातलं."

खिडकी बंद झाली. ऑक्टोबर संपत आला होता; जमीन अजून फावड्याला दाद देत होती, पण आठवडाभराने देणार नव्हती. मिनेसोटात गुलाब उभा ठेवून हिवाळा काढता येत नाही. त्याला झोपवावं लागतं. एका बाजूला चर खणायचा, झाडाच्या पाठीमागची मुळं मोकळी करायची, चराकडची मात्र राखायची. मग त्या राखलेल्या मुळांवर बिजागरीसारखं झाड हळूहळू आडवं करायचं. वर माती, मातीवर पानांची पोती, पोत्यांवर बर्फ. एप्रिलमध्ये पुन्हा उभं करायचं. राखलेली मुळं तुटली, की खेळ संपला.

वडिलांनी लावलेल्या वाफ्यातलं हे शेवटचं झाड. वडील गेले त्या वर्षी डेलमार 'थोडे दिवस' म्हणून घरी आला. ऑक्टोबरात परत निघाला, तेव्हा ऑर्डिस म्हणाली, "आधी गुलाब झोपव, मग बघू." एप्रिलमध्ये म्हणाली, "आधी गुलाब उठव, मग बघू." या दोन 'मग बघू'च्या मध्ये त्याने पन्नाशी ओलांडली. कुंपणापलीकडचा हॅल्वर तर तोंडावरच म्हणायचा, "तुझं लग्न त्या झुडपाशीच लागलंय, डेल. माहेरपणालासुद्धा सोडत नाही ते तुला." डेलमार हसायचा. हिवाळ्यात तो पोत्यांवर बर्फ ओढायचा, उंदरांची बिळं बुजवायचा, आईच्या गुडघ्यांना मलम चोळायचा, आणि झोपताना छताकडे पाहत पडून राहायचा. या घरात आपणही आडवेच आहोत, असं त्याला वाटायचं. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

सांगितलं होतं फक्त कॉरिनला. ती दूर पश्चिम किनाऱ्यावर, पोर्टलंडला, त्याची वाट बघत होती. तळघरातून, आवाज खाली ठेवून, तो तिच्याशी फोनवर बोलायचा. परवा ती रागावली नाही, हीच भीतीची गोष्ट होती. "या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगला ये," ती शांतपणे म्हणाली. "नाहीतर येऊच नकोस, डेल. मी आता वाट बघणार नाही."

त्याने चर पुरा खणला. मग खिडकीकडे पाठ केली, म्हणजे हात दिसू नयेत. काय करायचं ते त्याने रात्रीच ठरवलं होतं: पाठीमागची मुळं मोकळी करायची, आणि चराकडची राखायच्या ऐवजी तोडायची. एक घाव. थँक्सगिव्हिंगला तो गेला असता, एप्रिलमध्ये झाड उठलं नसतं, आणि मग त्याला परत बोलवायला 'आधी' असं काही उरलं नसतं. आई म्हणाली असती, हिवाळ्याने नेलं. या विचाराची त्याला लाज वाटत होती. तरी त्याने फावडं बुडाशी टेकवलं आणि डोळे मिटून त्यावर पाय दिला.

फावडं लोण्यात जावं तसं आत गेलं.

त्याने गुडघे टेकले आणि हाताने माती उकरली. माती भुसभुशीत होती, वरून पानं पसरून सारखी केलेली. आत राखायची मुळं आधीच तुटलेली होती. एका घावात नव्हे. कुठे चेचून, कुठे दहा-दहा वेळा खरवडून, ताकद नसलेल्या माणसाने चिकाटीने तोडावी तशी. बाजूच्या चिखलात चार गोल खळगे होते, वॉकरच्या पायांएवढे.

 मग त्याने झाड चरात आडवं केलं. ते सहज आलं, बुडासकट हातात आलं. त्याने त्यावर नीट माती ओढली, थापली, पानांची पोती रचली. एकही पोतं कमी ठेवलं नाही.

घरात थर लावून भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश ओव्हनमधून निघालं होतं. ऑर्डिस टेबलाशी बसली होती.

"झोपवलंस?"

"झोपवलं."

"खणायला जड गेलं का?"

"नाही," डेलमार म्हणाला. "माती मऊ होती."

"असते एखाद्या वर्षी."

तिने त्याच्यासमोर ताट सरकवलं. तिच्या नखांत काळी माती होती, तळव्यावर फोड आलेला होता. त्याने पाहिलं. तिने हात मागे घेतला नाही.

"तुझ्या गुडघ्यांचं काय?" त्याने विचारलं.

"गुडघे माझे आहेत. हॅल्वरची बायको येत जाईल, बोललेय मी तिच्याशी." ती चमच्याने हॉटडिशची कड खरवडत राहिली. "पोर्टलंडला गुलाब झोपवत नाहीत म्हणे."

"नाही. उभेच असतात हिवाळाभर."

"बघ की," ती म्हणाली. मग चमचा थांबवून, त्याच्याकडे न बघता, "तळघरातला आवाज हीटरच्या नळीतून वर येतो, डेल. सगळं ऐकू येतं, नाव तेवढं कळत नाही. काय नाव तिचं?"

डेलमारने सांगितलं. आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून, मलमाची डबी हातात घेऊन, तिचा तळवा उताणा धरून बसला.