पाठदिवा

अंधार पडला की लाओ लूला नीट दिसत नाही, ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको फान युझन. गंमत अशी, की दोघांनी ती एकमेकांना कधीच सांगितली नव्हती.

समोरून कोणी अप्पर मारत, म्हणजे दिव्यांचा पूर्ण झोत सोडत आला की लाओ लूची मान हळूच दुसरीकडे वळायची, पापण्या फडफडायच्या, आणि पुढचा काही रस्ता तो निव्वळ आठवणीवर हाकायचा. अशा वेळी युझन, जणू शेजारणीच्या सुनेच्या गोष्टी सांगतेय अशा आवाजात, म्हणायची, "पुढे डावं वळण आलं बघ. तिथे मागे तो मेंढ्यांचा ट्रक उलटला होता ना?" की लाओ लू म्हणायचा, "मला दिसतंय, तू नको शिकवू," आणि वळण घ्यायचा. नवऱ्याबरोबर ट्रकवर राहणाऱ्या बायकांना या रस्त्यांवर सगळे 'वहिनी' म्हणतात. स्वयंपाक, धुणं, डिझेलचोरांवर पहारा, सगळं वहिनीकडे. युझनकडे नवऱ्याचे डोळेही होते.

लाओ लूने यावर स्वतःचा इलाज शोधला होता. कॅबिनच्या टपावर आधी दोन जादा दिवे बसवले, पुढच्या हिवाळ्यात आणखी दोन. ते सगळे लागले की डोंगरातल्या कोल्ह्यांनाही दिवस उजाडल्यासारखं वाटत असेल. दुसऱ्याने अप्पर मारला तर हा त्याच्या अठरा पिढ्यांचा उद्धार करणार, आणि याचे चार दिवे म्हणजे मात्र गरज. आपला तो बाब्या!

शिवाय मागे, ट्रकच्या पाठीवर, एक पाठदिवा होता. विकणारा सांगतो, गोदामात ट्रक मागे घ्यायला उपयोगी पडतो. घेणारा मान डोलावतो. दिवा खरा कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक असतं. मागचा माणूस अप्पर सोडेना, की बटण दाबायचं आणि त्याच्या डोळ्यांत उजेडाची बादली ओतायची. कायद्याने बंदी आहे, म्हणून चौकी आली की युझन त्यावर जुना मोजा चढवून यायची. असे मोजे घातलेले दिवे त्या रस्त्यावर कितीतरी होते.

त्या संध्याकाळी ते जिंगनिंगची सफरचंदं घेऊन छंगदूकडे निघाले होते. टोल वाचवायचा म्हणून लाओ लूने हमरस्ता सोडून छिनलिंग डोंगरातला जुना घाट धरला. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत काळोख झाला. उतारावर बर्फाचे पापुद्रे, उजवीकडे दरी, डावीकडे सरळ कडा. आणि पहिल्याच वळणानंतर मागून एक ट्रक लागला. भक्क अप्पर!

दोन्ही आरसे पांढरे झाले. कॅबिनमध्ये इतका उजेड आला की युझनला चहाच्या बाटलीतली पानं मोजता आली असती.

"डिपर कर ना, झोत खाली घे, कासवाच्या पोरा!" लाओ लू ओरडला. त्याने मागचे दिवे मिचकावून इशारा केला. काही नाही. पुढे जा म्हणून वेग कमी केला, तर तोही हळू झाला.

"लाओ लू, उजवीकडे जास्त जातोयस."

"दिसतंय मला."

"नाही, खरंच जास्त जातोयस."

"दिसतंय म्हटलं ना!"

त्याला दिसत नव्हतं. पुढचं चाक खडीवर चढलं, कडेचा दगड युझनच्या खिडकीखालून निसटला, आणि त्यापलीकडे नुसता काळोख होता. तिने किंचाळून स्टिअरिंगला हात घातला. ट्रक कसाबसा डांबरावर आला. मागचा मात्र ढिम्म. तोच अप्पर.

युझन भयंकर चिडली. जेवढी घाबरली होती तेवढीच चिडली. डॅशबोर्डखाली हात घालून तिने पाठदिव्याचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

आरशातले दिवे एकदम डुगडुगले, तिरके झाले, आणि विझले.

"बसला की नाही धडा!" लाओ लू हसला. "आता कसं बरं वाटतंय."

युझनने बटण सोडलं आणि आरशाकडे बघत राहिली. आता दिवे परत लागतील, मग लागतील. एक वळण गेलं, दुसरं गेलं. आरसा काळाच.

"तो गेला कुठे?"

"वळला असेल कुठेतरी."

"वळला? एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. कुठे वळला, आभाळात?"

लाओ लूने नुसता गिअर बदलला.

"थांबव."

"थांबून काय करायचंय? काही झालं असेल तर पोलीस येतील, दिव्याचं विचारतील, मग माझे कागद, मग माझी तपासणी..." तपासणी कसली, ते तिने विचारलं नाही.

"मी माणूस मारलाय का, ते मला बघायचंय," युझन म्हणाली. "थांबव, नाहीतर मी दार उघडून उडी टाकते. तुला माहितेय मी टाकेन."

त्याला माहीत होतं. जरा रुंद जागा बघून त्याने ट्रक उभा केला, चाकांना दगड लावले आणि दोघं घाट चढू लागली. बॅटरी युझनच्या हातात. चार पावलं गेल्यावर लाओ लूने तिची बाही धरली.

"बर्फ आहे," तो म्हणाला.

"हो, बर्फ आहे," ती म्हणाली. प्रत्येक वळणावर ती आधी दरीकडे बॅटरी मारायची. मोडलेली झाडं, खाली दिवा, धूर, काहीतरी दिसेल म्हणून बघायची आणि दिसू नये म्हणून देवाला हात जोडायची. हाका मारल्या, तर आपलाच आवाज परत यायचा. लाओ लू तिच्या मागे ठेचकाळत होता, पण एकदाही 'परत जाऊ' म्हणाला नाही. याबद्दल तिला त्याचं कौतुक वाटलं, त्या अवस्थेतही वाटलं.

तिसऱ्या वळणावर टायर जळाल्याचा वास आला. ट्रक डाव्या कड्याला नाक घासून गटारात रुतला होता. पुढच्या दिव्यांचा चुरा झालेला, रेडिएटरमधून वाफ निघत होती. पायरीवर एक म्हातारा बसला होता, कपाळावरून रक्त गालावर आलेलं.

जिवंत होता! युझनने बॅटरी सरळ त्याच्या तोंडावर धरली.

"बत्ती खाली कर गं बाई," म्हातारा खेकसला. "आज डोळ्यांत पुरेसा उजेड घालून घेतलाय मी."

"शीफू, हातपाय शाबूत आहेत ना?" लाओ लूने विचारलं. ड्रायव्हरला ड्रायव्हर शीफू, म्हणजे उस्तादच म्हणतो, मग घटकाभरापूर्वी त्याला कासवाचं पोर का म्हटलेलं असेना.

"शाबूत आहेत. मला थान म्हणतात. सगळं पांढरं झालं, दरीकडे जायचं नाही एवढंच कळलं, म्हणून कड्याकडे ओढला." त्याने रक्त पुसलं. "पुढे कोणी पाठदिवावाला दिसला का तुम्हाला? सापडला तर त्याचा दिवा काढून त्याच्याच घशात घालीन."

लाओ लूची तिच्या बाहीवरची पकड घट्ट झाली. नको सांगू, असाच त्याचा अर्थ होता. सांगायची गरजही नव्हती. मदतीला आलेली भली माणसं म्हणून म्हातारा त्यांना दुवा देऊन गेला असता.

"मी दाबला," युझन म्हणाली. "तुम्ही डिपर करत नव्हता. आम्ही दरीत जात होतो."

ती शिव्यांची वाट बघत होती. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डिपर मी करत नाही," म्हातारा म्हणाला, "कारण डिपरवर मला काही दिसत नाही. अप्परवर निदान तुमच्या ट्रकची पाठ दिसत होती, तिच्यामागून येत होतो. तीन हिवाळे असंच चाललंय. डोळ्यांच्या तपासणीला दरवेळी भावाला पाठवतो, चेहरा सारखाच आहे आमचा." तो खिन्नपणे हसला. "पण वहिनी, मागच्या अप्परने धडधाकट माणूस दरीत जात नाही. शिव्या देतो आणि पुढे जातो. तुमच्यात कोणाला दिसत नाही?"

युझनने तोंड उघडलं. खोटं तिच्या जिभेवर तयार होतं, कितीतरी वर्षांचं घोटलेलं. बर्फ होता, टायर गुळगुळीत झालेत, झोप नव्हती झाली.

"मला," लाओ लू म्हणाला.

इतकंच म्हणाला, आणि तिची बाही मात्र सोडली नाही. हा शब्द ऐकायला ती किती रात्री जागली होती. आणि आता ऐकल्यावर तिला तो त्याच्या तोंडात परत कोंबावासा वाटला, कारण त्या शब्दाबरोबर ट्रक गेला, घाट गेला, मुलीच्या लग्नाआधी घ्यायचा फ्लॅट गेला. दिसत नाही म्हणणाऱ्याला रात्री स्टिअरिंगवर बसू देईल अशी बायको ती नव्हती, आणि हे तिच्याइतकंच त्यालाही ठाऊक होतं. ठाऊक असून तो बोलला होता. ती रस्त्यातच मटकन बसली आणि मोठ्याने रडू लागली.

"रड, हवं तेवढं रड," म्हातारा थान म्हणाला, "पण बत्ती नीट धर. माझं कपाळ शिवायचंय, आणि इथे तुझ्याशिवाय कोणाला सुई-दोरा दिसणार आहे?"